आभायातलं पांढरं

बरेच दिवसांनी लिहितोय. गुडघ्याने थोडा त्रास दिला, आणि खरं सांगायचं तर विषयही सुचत नव्हता. तो परवा आपोआप मिळाला. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर वैमानिकांना दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंवरून जुंपली. एक सहकारी (तेही निवृत्त मास्तरच) म्हणाले, "वैमानिक म्हणतो म्हणजे खरंच असणार, तो काय शेंबडं पोर आहे?" दुसरे म्हणाले, "रात्रभर जागून झोपेत बघतात, काहीही बोलतात." चहा गार झाला तरी दोघं हटेनात. मला दोघांचंही पटलं नाही, पण तिथे गप्प बसलो. माझं बोलणं लांबतं, म्हणून इथे लिहितो.

सुरुवात जरा जुनी आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला फोन वाजला. माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः पन्नाशी ओलांडलेला, शेती करतो. म्हणाला, "सर, लवकर बाहेर या. वर पाहा. मी काही म्हणत नाही, तुम्हीच सांगा काय आहे ते." चप्पल न घालताच अंगणात आलो. तांबूस-पिवळ्या दिव्यांची एक माळ आभाळातून सरकत चालली होती, मागे शेपट्या. आवाज नाही. शेजारच्या काकू हात जोडून उभ्या होत्या. कुणी म्हणे विमान पडतंय, कुणी म्हणे क्षेपणास्त्र.

आमच्या वाशीमपासून बुलडाणा, अकोला, जळगावपर्यंत आणि तिकडे मध्य प्रदेशातही हे लोकांनी पाहिलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडलेली सापडली. आसपास धातूचे गोळेही मिळाले. त्या दिवशी न्यूझीलंडमधून एक रॉकेट उडालं होतं, म्हणून काहींनी आधी त्याचं नाव घेतलं. मग कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं, की हा चीनच्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला, वर्षभर फिरून खाली आलेला. पुढे इस्रोचे लोकही येऊन तुकडे पाहून गेले.

म्हणजे बघा, हजारो लोकांनी पाहिलं, कुणी खोटं बोललं नाही, आणि जवळजवळ सगळ्यांनी चुकीचं नाव दिलं.

पण माझ्या मनात घोळत राहिलं ते त्याचं वाक्य. "मी काही म्हणत नाही." ते तो असं का म्हणाला हे मला पक्कं ठाऊक होतं.

१९८० च्या दशकातली गोष्ट. हिवाळ्यातली सकाळची शाळा. हा मुलगा सातवीत. पहिल्याच तासाला उठून म्हणाला, "सर, म्या सकायी आभायात एक पांढरं पाह्यलं. हालेच ना ते. अंधार होता तरी चमके." मी इतिहासाचा बी.ए., विज्ञान काही मी शिकवत नव्हतो. म्हणूनच बहुधा आत्मविश्वास दांडगा होता. मी म्हणालो, "काय रे, मामाची उडती तबकडी आली होती काय तुला न्यायला?" वर्ग खदखदून हसला. दहावीपर्यंत पोरं त्याला 'तबकडी' म्हणत. त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्याने हात वर केल्याचं मला आठवत नाही.

दोन-तीन दिवसांनी पेपरात कोपऱ्यात बातमी होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून सोडलेला फुगा आपल्या भागावरून गेला, त्याची उपकरणं छत्रीने एका शेतात उतरली. मी ती बातमी वाचली, घडी घातली आणि ठेवून दिली. वर्गात वाचून दाखवली नाही. का नाही दाखवली, याचं उत्तर आजही मला देता येत नाही, म्हणजे येतं, पण लिहायला लाज वाटते.

या फुग्यांविषयी थोडं सांगतो, कारण आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना ते माहीत असायला हवेत. पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले, वर गेल्यावर पन्नास ते ऐंशी मीटर व्यासाचे होतात. तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात. खाली आपल्याकडे अंधार असतो, पण तेवढ्या उंचीवर सूर्य आधीच पोचलेला असतो, म्हणून फुगा उजळून निघतो. वाऱ्याबरोबर इतका हळू सरकतो की हलतच नाहीसा वाटतो. पोराने सांगितलेलं शब्द न् शब्द बरोबर होतं!

आता वैमानिकाच्या जागी बसून बघा. त्याचं विमान दहा-अकरा किलोमीटरवर. फुगा त्याच्याही वर वीस-पंचवीस किलोमीटर. मोकळ्या आभाळात मापाला झाड नाही, खांब नाही. वस्तू लहान आणि जवळ आहे की प्रचंड आणि लांब, हे डोळ्यांना कळायला मार्गच नाही. शिवाय वैमानिकाला शिकवलेलं असतं, समोर काही दिसलं की आधी धोका समज. ते योग्यच आहे. पण त्यामुळे तो फसतोही. जानेवारी २०११ मध्ये टोरोंटोहून झुरिचला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात सहवैमानिक डुलकीतून नुकताच जागा झाला होता. समोरून एक लष्करी विमान येणार असल्याचं त्याला कळलं, त्याने आधी शुक्राच्या ग्रहालाच ते विमान समजलं, मग खरं विमान दिसल्यावर ते वरून आपल्याच अंगावर येतंय असं वाटून टक्कर होतेय या भीतीने विमानाचं नाक खाली दाबलं. सोळा जण जखमी झाले. कॅनडाच्या तपास मंडळाने सगळं खणून काढलं, झोपेचा हिशेबसुद्धा. त्याची टर उडवून प्रकरण मिटवलं असतं, तर लांबच्या प्रवासात डुलकी किती वेळ घ्यावी हा प्रश्न तसाच राहिला असता.

शुक्र-गुरूंनी आपल्या जवानांनाही चकवलं आहे. लडाखच्या सीमेवर २०१२-१३ मध्ये रात्रीचे दिवे दिसत, चिनी ड्रोन असावेत अशी शंका होती. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे विचारणा झाली, आणि ते शुक्र आणि गुरू निघाले. यात जवानांची मुळीच चूक नव्हती. पहाऱ्यावरच्या माणसाने दिसलं ते कळवावं, एवढंच त्याचं काम. ते त्यांनी चोख केलं, म्हणून तर ग्रह सापडले.

याच्या उलट जपानचा किस्सा. १७ नोव्हेंबर १९८६ ला जपान एअरलाइन्सचं मालवाहू विमान अलास्कावरून जाताना कॅप्टन केंजू तेराउची यांनी विचित्र दिवे आणि मग एक प्रचंड आकृती पाहिल्याचं सांगितलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने चौकशी केली. रडारवर दिसलेला दुसरा ठिपका हा त्याच विमानाचा दुहेरी प्रतिध्वनी असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. टीकाकारांनी गुरूकडे बोट दाखवलं. इथपर्यंत ठीक. पण कॅप्टनसाहेब पत्रकारांशी बोलले, आणि त्यांना काही काळ कॉकपिटमधून उठवून कार्यालयात बसवलं गेलं असं सांगतात. जगभरच्या वैमानिकांनी यातून काय धडा घेतला असेल? दिसलं तरी बोलू नये. (सातवीतल्या एका पोराने घेतला तोच.)

आपल्याकडेही २०१४ मध्ये पुण्याजवळ सव्वीस हजार फुटांच्या आसपास हिरवट-पांढरी वस्तू दिसल्याचं एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाने मुंबईच्या नियंत्रण कक्षाला कळवल्याची बातमी आली होती. आणि १९ नोव्हेंबर २०२३ ला इम्फाळ विमानतळाजवळ काहीतरी उडताना दिसलं, काही तास विमानतळ बंद, काही विमानं दुसरीकडे वळवली, हवाई दलाची राफेल शोधायला गेली आणि रिकाम्या हाताने परतली. अशा वेळी टीव्हीवाल्यांना एलियन हवा असतो. मला हवी असते वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, विमानाची जागा. एवढं असलं की नागपूरहून हवामान खात्याचा फुगा केव्हा सुटला, हैदराबादचा कुठे होता, शुक्र कुठे होता, स्टारलिंकचे उपग्रह तेव्हा ऊन परावर्तित करत होते का, हे एकेक ताडून बघता येतं. अलीकडे वैमानिकांना दिसलेले फिरते दिवे बरेचदा स्टारलिंकच निघाले आहेत.

सगळं निघेलच असं नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत उलगडल्या नाहीत. उलगडलं नाही म्हणजे परग्रहावरचं, असं माझे कट्ट्यावरचे मित्र म्हणतात. मी म्हणतो, उत्तरपत्रिका कोरी आहे म्हणून तिला शंभर मार्क देत नाहीत.

माझं मागणं साधं आहे. वैमानिकाला ओळखता न आलेली वस्तू त्याने नाव गुप्त ठेवून लिहून देता यावी, आणि ती वाचायला विमान खात्याच्या बरोबरीने एखादा खगोलशास्त्रज्ञ आणि हवामानवाला बसवावा. हे काही माझं डोकं नाही. अमेरिकेत सुरक्षेच्या इतर घटनांसाठी नासा १९७६ पासून अशी गोपनीय नोंद ठेवते, आणि २०२३ च्या अहवालात नासाच्याच अभ्यासगटाने या अनोळखी वस्तूंसाठीही तीच वापरा म्हटलं. टिंगलीच्या भीतीने माहितीच हाती येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. फ्रान्समध्ये तर १९७७ पासून त्यांच्या अंतराळ संस्थेतच यासाठी वेगळा विभाग आहे. आणि निष्कर्ष जाहीर करावेत, ग्रह निघाला तरी. आज आभाळात ड्रोन आहेत. ज्याला आपण शुक्र म्हणून हसलो ते उद्या इंजिनात शिरलं तर?

असो. लांबलं.

त्या पाडव्याच्या रात्री मी त्याला परत फोन केला. चिनी रॉकेट वगैरे तेव्हा काही माहीत नव्हतं. मी फक्त त्या जुन्या फुग्याची गोष्ट सांगितली, बातमी वाचूनही मी गप्प राहिलो हेही सांगितलं. थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, "मले माहीत होतं सर. बाबानं तोच पेपर वाचून दाखवला होता."

गेल्या हिवाळ्यात त्याचा पुन्हा फोन आला. एका ओळीत पन्नासेक ठिपके चाललेले दिसले होते. मी काही विचारायच्या आत त्याने वेळ, दिशा, आणि ते शेजारच्या कडुलिंबाच्या किती हात वर होते ते सांगितलं. मी ते वहीत उतरवून घेतलं.