गादी सुटली, चौकशी टळली

मुंबईतील धनाढ्य व्यापारी अब्दुल कादर बावला यांची मोटार १२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी मलबार हिलवर अडवून त्यांचा खून करण्यात आला, त्यास शंभर वर्षे उलटली. तथापि त्या प्रकरणी न्याय पुरता झाला असे म्हणण्यास आमचे मन आजही धजत नाही. इंदूर दरबारचा जाच असह्य होऊन, मसुरीच्या प्रवासात दिल्लीच्या स्थानकावरच गाडी सोडून निघालेली मुमताज बेगम ही नर्तकी बावलांच्या आश्रयास होती, आणि दरबारची हरवलेली चीजवस्तू परत न्यावी तसे तिला बळाने उचलून नेण्यासाठी हल्लेखोर आले होते. गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी दैवयोगाने तेथे पोहोचले आणि लेफ्टनंट सेगर्ट गोळी लागूनही हातातील गोल्फच्या काठीनिशी झुंजले, म्हणूनच चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झेललेली ती स्त्री वाचली.

मुंबई हायकोर्टात नऊ आरोपी उभे राहिले. तिघांना फाशी, तर इंदूरच्या फौजेतील बडे अंमलदार सरदार आनंदराव फणसे यांच्यासह चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुमताजशी या चाकरमान्यांचे स्वतःचे काय वैर होते? हल्ल्याची सूत्रे इंदुरातून हलली, हे न्यायमूर्ती क्रम्प यांनीही सूचित केले. परंतु संस्थानिकास मुंबईच्या कोर्टात खेचण्याची सोय कायद्यात नव्हती. इंग्रज सरकारने इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्यापुढे चौकशी किंवा राज्यत्याग असे दोन पर्याय ठेवले, आणि पुढे चौकशी होणार नाही या समजुतीवर फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी १७ वर्षांचे पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव हेही १९०३ साली पायउतार झाले होते. ज्या गादीस अहिल्याबाईंचे पुण्य लाभले, तिची ही अवनती मराठी मनास आजही सलते.

महाराज दोषी होते असे आम्ही म्हणत नाही, कारण कोणत्याही न्यायासनाने त्यांची बाजू तपासलेली नाही. आणि आमचा आक्षेप नेमका हाच आहे. ते निर्दोष असतील, तर त्यांच्यावरील किटाळ दूर होण्याचा मार्गच बंद झाला. दोषी असतील, तर हुकमाच्या ताबेदारांनी फास पत्करला आणि हुकूम देणारा मोकळा राहिला. चौकशी व्हावयासच हवी होती. ती न करता गादीचा सौदा पटविणारे इंग्रज सरकार या अन्यायात दरबाराइतकेच भागीदार आहे.