कंडक्टर म्हणजे एसटीचा नव्हे!

जगात जर्मनी, भारतात परभणी! पुण्यात कंपनीत नवीन कुणी भेटलं आणि मी गाव सांगितलं, की हे वाक्य येणार म्हणजे येणारच. मी पण हसतो. पाच वर्षं हसतोय. पण गेल्या वर्षी मुंबईला एनसीपीएच्या बाल्कनीत बसून खरोखरच्या जर्मन माणसाचं संगीत समोर वाजताना ऐकलं, आणि आठवली ती परभणीच. कशी ते सांगतो.

तिकीट माझं नव्हतंच. मित्राला ऐन वेळी प्रॉडक्शन सपोर्टला बसावं लागलं, त्याचं दुःख ते माझं सुख. कार्यक्रम सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा. एनसीपीएनं 2006 साली उभा केलेला हा ऑर्केस्ट्रा. आता आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मैदानावर बांधलेलं स्टेज, लाल-हिरवे फोकस, ऑक्टोपॅड आणि किशोरकुमारची गाणी म्हणणारा पांढऱ्या बुटातला माणूस. आणि कंडक्टर म्हणजे एसटीचा, "पुढं सरका, पुढं सरका" म्हणणारा. इथला कंडक्टर आला, वाकून नमस्कार केला आणि चक्क आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

बीथोवनची पाचवी सिंफनी. सुरुवातीचे ते चार ठोके सगळ्यांना माहीत असतात, कुणाच्या तरी रिंगटोनमुळे का होईना. पण घरी येऊन नोटेशन शोधलं तेव्हा एक गंमत कळली. ही सिंफनी सुरू होते ती शांततेनं. पहिल्या ठोक्याच्या आधी एक छोटी जागा रिकामी सोडलेली आहे. म्हणजे कंडक्टरचा हात खाली येतो त्या क्षणी कुणीच काही वाजवत नाही. त्या रिकाम्या जागेतून सगळी व्हायोलिनं, चेलो, डबल बास आणि क्लॅरिनेट एकदम बाहेर पडतात. एकही मागं-पुढं नाही. मला वाटायचं कंडक्टर नुसता हात हलवतो, वाजवणारे आपापलं वाजवतात. तसं नाहीये. सगळ्यांनी एकत्र श्वास कधी घ्यायचा ते तो सांगतो.

तो हात खाली आला आणि मला आठवले आमचे मास्तर.

2008 साल असेल, मी सहावीत होतो. मास्तर परभणीत स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवायचे. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात कीबोर्ड लावून, अर्धी पाठ लोकांकडे करून उभे राहायचे. कुणाचं लक्ष नसायचं त्यांच्याकडे. एकदा गायक अंतराच विसरला. मास्तरांनी नुसती हनुवटी वर केली. ढोलकवाल्यानं एक आवर्तन जास्तीचं घेतलं, सॅक्सोफोनवाल्यानं मधली जागा भरली, आणि तोवर गायकाला शब्द सापडले. मैदानातल्या कुणाला काही कळलं नाही. बाबांनी मात्र मला ढोसलं, "बघ, सगळे मास्तरकडं बघायलेत."

बाबा मंडळात होते, त्यामुळे रात्री एक वाजता मास्तर चहाला आमच्या घरी. मी त्यांची वही पाहिली होती. कॅसेट मागं-पुढं करून एकेका गाण्याचं म्युझिक सरगममध्ये उतरवलेलं. मूळ गाण्यात व्हायोलिनचा अख्खा ताफा, यांच्याकडे माणसं सहा. "मग काय, ज्याला जे झेपंल ते वाटून द्यायचं," इतकंच म्हणाले.

हे व्हायोलिनचे ताफे हिंदी सिनेमात आले कुठून? बरेचसे गोव्यातून. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे. तीच पोरं मुंबईच्या स्टुडिओत आली आणि संगीतकारांनी गुणगुणलेल्या चाली कागदावर मांडू लागली. शंकर-जयकिशनचे सेबास्टियन डिसोझा त्यातलेच. आणि मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हो, 'अमर अकबर अँथनी'त (1977) अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ ज्यांचं नाव सांगतो तेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते, गुरूचं नाव शिष्यानं गाण्यात घातलं. या अँथनींनी 1958 साली मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. म्हणजे एनसीपीएचा ऑर्केस्ट्रा आणि परभणीच्या मैदानावरचा ऑर्केस्ट्रा चुलत भाऊच निघाले. एकाला आपण उभं राहून टाळ्या देतो, दुसऱ्याचं नाव घेताना 'ऑर्केस्ट्रावाले' म्हणून नाक मुरडतो.

मी तर त्याहून वाईट केलंय.

2022 साली ताईचं लग्न होतं. रिसेप्शनला मास्तरांचा ग्रुप सांगावा असं बाबांच्या मनात होतं. मास्तरांचे पस्तीस हजार. दुसरीकडे दोन गायक आणि एक लॅपटॉप, बारा हजारांत. मी पुण्यातून फोनवरच ठरवून टाकलं. प्रोजेक्टमध्ये कॉस्ट कटिंग करतात तसं. कार्यक्रमात लोकांनी बाबांना आग्रह केला, बाबा उठले. मुखडा छान गायले. अंतऱ्याला ताईकडे पाहिलं आणि आवाज भरून आला, थांबले. लॅपटॉप थांबला नाही. ट्रॅक पुढं निघून गेला. बाबांनी दोनदा पकडायचा प्रयत्न केला, मग हसले, माईक दिला आणि येऊन बसले. लोकही हसले. तेवीस हजार वाचले.

मी ऑटोमेशनच करतो, पोटापाण्यासाठी. त्यामुळे ट्रॅकच्या बाजूनं जे बोलता येतं ते सगळं मला पाठ आहे. ट्रॅक बेसूर होत नाही, दारू पिऊन येत नाही, ऐन लग्नसराईत दुसरीकडची सुपारी घेऊन दगा देत नाही. छोट्या गावातल्या पोरापोरींना त्यामुळे स्वस्तात स्टेज मिळतं, हेही खरं. पण ट्रॅकला ऐकू येत नाही. गाणारा माणूस कुठं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि कंडक्टर काय किंवा मास्तर काय, आपण पैसे देतो ते त्या ऐकण्याचे. वाजवायला तर लॅपटॉपही वाजवतो. मुंबईत दीड हजाराचं तिकीट काढून 'लाइव्ह म्युझिकची मजाच वेगळी' असं स्टेटस टाकायचं आणि गावात घरच्या कार्याला सहा वाजवणाऱ्यांशी घासाघीस करायची, हा दुटप्पीपणा आहे. पहिला आरोपी मीच.

दिवाळीत परभणीला गेलो तेव्हा मास्तरांकडे गेलो. वसमत रोडच्या बाजूला घर. "कवा आलास?" म्हणाले. तब्येत बरी दिसली. सॅक्सोफोनवाला नांदेडला असतो, ढोलकवाल्यानं मोबाईलचं दुकान टाकलंय. मी मुंबईचं सगळं सांगितलं, बीथोवन, ती रिकामी जागा वगैरे. त्यांचा पहिला प्रश्न, "व्हायोलिनं किती होती?" मी मोजली नव्हती! "किती ते मोजायचं नाही होय रे?" खरंच चिडले. मग मोबाईलवर लावून ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, आणि दुसऱ्यांदा लावल्यावर सुरुवातीच्या आधी त्यांची हनुवटी किंचित वर गेली. अगदी बरोबर जागी.

ताईच्या रिसेप्शनचा विषय मी काढला. "अरे, मला कळलं होतं," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

सप्टेंबरच्या सिझनची दोन तिकिटं काढतो, देवगिरीनं जाऊ, राहायची सोय मी करतो, असं म्हटलं त्यांना. तारीख विचारली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं चाळत बराच वेळ उभे राहिले.

"त्या दिवशी गंगाखेडला सुपारी आहे," म्हणाले. "ट्रॅकवरच आहे, पण विसार घेतलाय ना. रविवारचा शो असतो का रे त्यांचा?"

असतो का ते बघतोय.