तीन पायऱ्या

गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात वंदना चालू होती. वस्तीतला एक तरुण दाराबाहेर आपल्या तीनचाकी सायकलीवर बसूनच त्रिसरण म्हणत होता. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले. विहाराला तीन पायऱ्या आहेत. दोघातिघांनी "उचलून घेतो" म्हटले, तो "नको" म्हणाला. तरणाताठा माणूस, चारचौघांत पोत्यासारखे कोण उचलून घेईल? नंतर आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणाले, "असू द्या हो, अशा माणसाला जायचे तरी कुठे असते?"

कुठे जायचे असते, ते कॅनडाच्या रिक हॅन्सनने दाखवले आहे. १९७३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मासेमारीहून परतताना त्याच्या गाडीला अपघात झाला. मणका मोडला, कमरेखालचे अंग लुळे पडले. २१ मार्च १९८५ रोजी हा गडी व्हँकुव्हरहून चाकाच्या खुर्चीवर जगाच्या फेरीला निघाला. खुर्चीला मोटार नव्हती. दोन हातांनी चाके ढकलायची, चढावरसुद्धा. २६ महिने, ३४ देश, ४० हजार किलोमीटरहून जास्त. दादर ते नागपूर सव्वाआठशे किलोमीटर धरा, म्हणजे दीक्षाभूमीची वाट जवळपास ४८ वेळा! १९८६ मध्ये तो चीनच्या भिंतीवरही जाऊन आला. मे १९८७ मध्ये घरी परतला तेव्हा मणक्याच्या संशोधनासाठी आणि अपंगांच्या सोयींसाठी २ कोटी ६० लाख डॉलर जमले होते.

तो एकटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. सोबत माणसे होती, गाडी होती, पैशाचे पाठबळ होते. आपल्या पोरांना ते कुठले? पण तो जग फिरून आला, आणि आमच्या पोराला घरापासून दोनशे पावलांवरच्या विहारात शिरता येत नाही. इथे दोष पायांचा नाही, पायऱ्यांचा आहे.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. तरी बाबासाहेबांना १९२७ साली महाडला जावे लागले. ठराव कागदावर, पाणी तळ्यात! आज अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे. सार्वजनिक इमारतींत धार्मिक इमारतीही येतात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जुन्या इमारती सुगम करायला नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ चे. म्हणजे मुदत टळून गेली आणि आम्ही मात्र पायऱ्यांना दर वर्षी नवा रंग देतो.

मी कारकून माणूस, हिशेब मांडून पाहिला. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. आमच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार हवा. पुढची मोकळी जागा पंधराच फूट आहे. म्हणून नऊ फुटांवर वळण घ्यायचे आणि वळणावर पाच फुटांची सपाट जागा ठेवायची. बरोबर बसते. कठडाही लागेल. आमच्या वस्तीत गवंडीकाम करणारे पाचसहाजण आहेत, मजुरी मागणार नाहीत. विटा-सिमेंटची वर्गणी काढावी लागेल.

रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे. त्या तरुणालाही बोलावले आहे, म्हणून ती बाहेर अंगणातच घ्यायची ठरली आहे. टेप मी घेऊन येतो.