दरडावणीची उतरंड

परिपाठ संपतो, मुलं वर्गात जातात आणि पटांगणावर उशिरा आलेल्यांची रांग उरते. ‘का रे, उशीर का?’ असं दटावलं जातं. उत्तराची अपेक्षा नसतेच. आई पहाटे कामावर गेली, धाकट्याला भरवून निघायला वेळ झाला, हे सगळ्यांदेखत कोणतं पोर सांगणार? ते मान खाली घालतं. मग ‘विचारलं तरी बोलत नाही, उर्मट कुठलं!’

शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने 2009 सालीच शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. छडीचा वळ दाखवता तरी येतो. शब्दांचा कुणाला दाखवणार?

यात एकट्या शिक्षकाला धरणं सोपं आहे, आणि अर्धवटही. बैठकीत साहेब मुख्याध्यापकांना फैलावर घेतात. मुख्याध्यापक व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती आजच्या आज, अन्यथा कारणे दाखवा’ असं ठणकावतात. त्या दिवशी चौथीत पाढा चुकलेल्या पोराच्या वाट्याला काय येतं, ते सांगायला नको. उतरंडीचा सगळा भार तळच्या मडक्यावर.

साने गुरुजींचे आपण हळवे डोळे तेवढे लक्षात ठेवले. अमळनेरला 1924 ते 1930 ते शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. म्हणजे हाती अधिकार होता. मुलांच्या पसरलेल्या खोल्या ते स्वतः आवरत. शिस्तीचं त्यांना वावडं नव्हतं, फक्त तिची सुरुवात ते स्वतःपासून करत.

मुख्याध्यापकांना आजही बरंच करता येईल, तेही अनुदानाशिवाय. उशिराची रांग बंद करावी. वर्गशिक्षकाने मधल्या सुट्टीत पोराला बाजूला घेऊन विचारावं. शिक्षकाची चूक दार लावून सांगावी, गटावर नव्हे. मात्र मुलांचा पाणउतारा करणाऱ्याला ‘आपलाच माणूस’ म्हणून पाठीशी घालू नये. ती माया भलत्याच ठिकाणी खर्च होते.

2024 मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. हेतू चांगलाच; पण सोमवारी पटांगणावर पुन्हा तीच रांग असेल तर शनिवारचं काय घेऊन बसायचं? यावर नवं परिपत्रक तेवढं नको. निघालंच, तर तपासणीच्या तक्त्यात ‘सहृदयता’ असा रकाना येईल, आणि रडवेल्या पोराशी प्रेमाने बोलतानाचा फोटो दुपारी दोनच्या आत अपलोड करायला सांगतील.