एक ग्राफिक्स कार्ड आहे, दुसरं लावलं तर गेम दुप्पट पळेल का?

समजा तुमच्याकडे आरटीएक्स ३०६० आहे. २०२१ मध्ये आलेलं, १२ जीबी मेमरीचं कार्ड. स्टीमच्या पाहणीत बराच काळ पहिल्या नंबरावर असायचं, म्हणजे जगभरात गेम खेळणाऱ्यांच्या घरात हेच सगळ्यात जास्त. आता नवे गेम लावले की ते धापा टाकतं. नवं घ्यायचं तर पन्नास-साठ हजारांची गोष्ट, घरात विषय काढायची सोय नाही. आणि तेवढ्यात सेकंडहँडच्या ग्रुपवर अजून एक ३०६० दिसतं. विकणारा लिहितो, "भावा, दोन लाव. १२ अधिक १२, २४ जीबी. सगळे गेम मक्खन."

हिशोब सरळ वाटतो. एका बैलानं ओढत नसेल तर दुसरा जुंपायचा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. गेमसाठी घेत असाल तर दुसरं कार्ड घेऊ नका. ३०६० वर दोन कार्डं जोडायची सोयच दिलेली नाही. गेम पहिल्याच कार्डावर चालेल आणि दुसरं शेजारी नुसतं बसून राहील. विजेचं बिल फार वाढेल अशी भीती असेल तर तीही काढून टाका. जे काम करत नाही ते वीज तरी किती खाणार?

पण मग दोन कार्डं लावायची पद्धत होती ती कुठे गेली? आणि आजही सोशल मीडियावर दोन-दोन, चार-चार कार्डं लावलेल्या मशिनींचे फोटो दिसतात, ते काय आहे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर थेट तुमच्या खिशाशी जोडलेलं आहे.

दोन तवे, दोन भाकऱ्या

ही कल्पना फेकू नव्हती. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीनं वूडू २ हे कार्ड आणलं. अशी दोन कार्डं जोडली की पडद्यावरच्या रेघा ती वाटून घ्यायची. एक रेघ याची, पुढची त्याची. तेव्हा ८०० बाय ६०० वर थांबणारा गेम १०२४ बाय ७६८ वर जायचा. याला एसएलआय म्हणायचे. ही कंपनी पुढे बुडाली, तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियानं विकत घेतलं आणि २००४ मध्ये एसएलआय हेच नाव परत बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी एटीआयनं क्रॉसफायर आणलं. एटीआय म्हणजे जी नंतर एएमडीमध्ये गेली ती.

या नव्या एसएलआयची पद्धत वेगळी होती. गेम म्हणजे सेकंदाला तीस, साठ किंवा शंभर चित्रं भराभर दाखवणं. या चित्रांना फ्रेम म्हणतात. पहिली फ्रेम एका कार्डानं काढायची, दुसरी दुसऱ्यानं, तिसरी परत पहिल्यानं. दोन तव्यांवर भाकऱ्या टाकाव्यात तसं. एक भाजेपर्यंत दुसरी तयार. जुन्या गेम्समध्ये यानं खरंच दीडपट, पावणेदोनपट वेग मिळायचा.

मेमरीचा हिशोब मात्र तेव्हाही फसवाच होता. प्रत्येक कार्डाला पूर्ण फ्रेम काढायची असते, म्हणून गेममधल्या भिंती, गाड्या, माणसं, झाडं या सगळ्याची प्रत दोन्ही कार्डांत ठेवावी लागते. ४ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला ४ जीबीच मिळायचे. त्यामुळे "१२ अधिक १२ म्हणजे २४" हे एसएलआय जोरात असतानाही गेमसाठी खोटं होतं, आज तर आहेच. जाहिरातीत असा आकडा दिसला की समजायचं, एकतर विकणाऱ्याला माहीत नाही, नाहीतर तुम्हाला माहीत नाही असं त्यानं धरलंय.

दुसरी अडचण आकड्यात दिसायची नाही, डोळ्यांना जाणवायची. एसटीचं वेळापत्रक आठवा. दर पंधरा मिनिटांनी गाडी असं लिहिलेलं असतं, पण येतात तेव्हा दोन एकदम येतात आणि मग अर्धा तास काही नाही. सरासरी बरोबर, पण स्टँडवर उभा असलेला माणूस वैतागलेला. दोन कार्डांच्या फ्रेमा अशाच जोडीनं यायच्या. मीटरवर ६० दिसायचे आणि गेम मात्र अडखळत चाललाय असं वाटायचं.

विरजणानं घात केला

तरी लोक हे सहन करत होते. खरी गोची झाली ती गेमची चित्रं काढायची पद्धतच बदलली तेव्हा.

आजचा गेम प्रत्येक फ्रेम कोऱ्या पाटीवर काढत नाही. आधीच्या फ्रेममधली माहिती घेऊन पुढची काढतो. कडा गुळगुळीत करायच्या असोत की डीएलएसएस, एफएसआरसारखी छोटं चित्र मोठं करायची तंत्रं असोत, सगळ्यांना मागच्या फ्रेमचा आधार लागतो. हे काम भाकरीसारखं नाही, दह्यासारखं आहे. कालच्या दह्यातलं विरजण असल्याशिवाय आजचं दही लागत नाही. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डात अडकली असेल तर ती तिकडून येईपर्यंत हे कार्ड हात चोळत बसणार. दोन कार्डांमध्ये माहितीची एवढी ने-आण करायची की वाचलेला वेळ त्यातच जायचा.

त्यात भर म्हणजे एसएलआय आपोआप चालत नव्हतं. प्रत्येक गेमसाठी कंपनीला ड्रायव्हरमध्ये वेगळी सोय करावी लागायची. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आलं आणि ही जबाबदारी मुख्यतः गेम बनवणाऱ्यांवर आली. त्यांनी विचार केला, प्लेस्टेशनमध्ये एकच चिप, एक्सबॉक्समध्ये एकच चिप, दोन कार्डंवाले हजारात किती? त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने कोण राबणार? 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या गेमनं २०१६ मध्ये एएमडी आणि एनव्हिडियाची कार्डं एकत्र चालवून दाखवली होती. कौतुक झालं, पण त्या वाटेनं फारसं कुणी गेलं नाही.

कंपन्यांनी मग हळूहळू दार लावून घेतलं. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०६० ला एसएलआय दिलंच नाही. माझं मत विचाराल तर यात तांत्रिक कारणांइतकाच धंद्याचाही भाग होता. मधल्या किमतीची दोन कार्डं मिळून वरच्या महागड्या कार्डाला टक्कर देणार असतील, तर ती जोडायची सोय कंपनी कशाला ठेवेल? ३० च्या मालिकेत ही सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयपुरती उरली. जुन्या कार्डांसाठी नव्या एसएलआय सोयी देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद करतोय, असं एनव्हिडियानं आधीच जाहीर केलं होतं. २०२२ च्या ४०९० वर तो जोडच नव्हता. एएमडीनं २०१९ च्या आरएक्स ५७०० एक्सटीपासूनच क्रॉसफायर सोडून दिलं होतं.

मग ते फोटो कसले?

दोन आणि चार कार्डांचे जे फोटो आज फिरतात, ते बहुतेक करून गेमसाठी नसतात. ती मंडळी घरच्या मशिनवर एआय चालवत असतात.

चॅटजीपीटीसारखं मॉडेल आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचं तर ते कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. आणि इथे गंमत आहे. असं मॉडेल थरांचं बनलेलं असतं. अर्धे थर एका कार्डात, अर्धे दुसऱ्यात ठेवता येतात. म्हणजे जे १२ अधिक १२ गेममध्ये कधीच २४ झालं नाही, ते इथे बऱ्याच अंशी होतं. वेग दुप्पट होत नाही, पण जे मॉडेल मावतच नव्हतं ते मावतं. २४ जीबीच्या जुन्या ३०९० ला अजून गिऱ्हाईक आहे ते यामुळेच. ब्लेंडरमध्ये थ्रीडी काम करणाऱ्यांनाही दोन कार्डांचा चांगला उपयोग होतो, कारण तिथे काम वाटून देता येतं आणि सेकंदाला साठ चित्रांची घाई नसते.

म्हणजे दुसरं कार्ड कामाचं आहे की नाही हे काम कुठलं आहे त्यावर ठरतं. आणि नेमक्या याच एआयमुळे गेमवाल्याला पहिलं कार्डसुद्धा महाग पडायला लागलंय.

एनव्हिडियाचे जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षाचे आकडे बघा. एकूण विक्री सुमारे १३० अब्ज डॉलर. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे, गेमिंगचे जेमतेम ११. ज्या कंपनीला गेम खेळणाऱ्या पोरांनी मोठं केलं, तिच्या गल्ल्यात आता त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. मेमरीचं तसंच. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि तिघींनाही डेटा सेंटरचं गिऱ्हाईक जास्त पैसे देतं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं क्रुशल हा आपला किरकोळ बाजारातला ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच, त्यामुळे ही झळ तिथपर्यंत पोचते.

जानेवारी २०२५ मध्ये ५० ची मालिका जाहीर झाली तेव्हा भारतात ५०७० ची किंमत ५९ हजारांपासून आणि ५०९० ची २ लाख १४ हजारांपासून सांगितली होती. या आकड्यांकडे बघून माणूस सेकंडहँड ३०६० कडे वळला तर त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. पण अडचण खरी आहे म्हणून उपाय खरा ठरत नाही.

३०६० वाल्यानं काय करावं?

दुसऱ्या कार्डासाठी जमवलेले पैसे बाजूला ठेवावेत, असलेलं कार्ड विकावं आणि दोन्ही मिळून एकच कार्ड घ्यावं. घेताना नावाला भुलू नये. आरटीएक्स ५०६० टीआय या एकाच नावाखाली ८ जीबी आणि १६ जीबी अशी दोन कार्डं विकली जातात. खोक्यावरचं मोठं नाव तेच, फरक बारीक अक्षरात. नव्या गेमना ८ जीबी आताच कमी पडायला लागलेत, आणि तुम्ही तर १२ वरून निघालाय. पैसे मोजून मेमरी कमी करून घेण्यात काय अर्थ आहे?

विजेच्या दृष्टीनंही हेच बरं. ३०६० ची मर्यादा १७० वॅट, ५०६० टीआयची १८०, ५०७० ची २५०. दोन ३०६० खरंच एकत्र राबली असती तर ३४० वॅट. जुन्या दोन-कार्डी मशिनींना मोठा पॉवर सप्लाय लागायचा तो यासाठीच. शिवाय खालच्या कार्डाची गरम हवा वरच्या कार्डाच्या पंख्यात जाणार. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे, एसी नसलेल्या खोलीत याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि आजकालची कार्डं इतकी जाड असतात की साध्या मदरबोर्डवर दुसरं नीट बसतच नाही. बसलंच तर तो दुसरा स्लॉट बहुतेक वेळा कमी वेगाचा असतो.

सेकंडहँडच घ्यायचं असेल तर एक मोठं कार्ड बघा, आणि विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा. तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका, बिल मागा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. त्यातली काही अजून हातोहात फिरतायत. कुठलंही कार्ड घ्यायच्या आधी आपला प्रोसेसर किती जुना आहे तेही बघून घ्या. कधीकधी धापा टाकणारा तोच असतो आणि बोल कार्डाला लागतो.

आता जाणकार मंडळी म्हणतील, लॉसलेस स्केलिंगचं काय? बरोबर आहे, तो एक अपवाद आहे. स्टीमवर मिळणाऱ्या या छोट्या प्रोग्रॅममुळे मुख्य कार्ड गेम चालवतं आणि दुसरं कार्ड मधल्या भरीच्या फ्रेमा तयार करतं. मॉनिटर त्या दुसऱ्या कार्डाला जोडायचा. चित्र खरंच जास्त सलग दिसतं. पण त्या भरीच्या फ्रेमांत तुमच्या माऊसची हालचाल नसते, त्यामुळे गेमचा प्रतिसाद वाढत नाही. नवं कार्ड घेतल्यावर जुनं विकलं जात नसेल, मदरबोर्डवर जागा असेल आणि पॉवर सप्लायला झेपत असेल तर जरूर करून बघा. त्यासाठी मुद्दाम कार्ड विकत घ्यायला जाऊ नका. ५० च्या मालिकेत जुन्या ३२ बिट फिजएक्सचा आधार काढून टाकला, तेव्हाही काही हौशी लोकांनी 'बॉर्डरलँड्स २'सारख्या जुन्या गेमसाठी शेजारी एक जुनं कार्ड लावलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानं निवडक गेम्ससाठी तो आधार परत दिला आणि तेही निमित्त बरंचसं संपलं.

घरी एआय शिकायचंय आणि गेम जोडीला खेळायचेत, असं असेल तर मात्र ते दुसरं ३०६० परत एकदा बघायला हरकत नाही. फक्त ते कशासाठी घेतलंय हे घरच्यांना सांगताना गेमचं नाव पुढे करू नका, कारण गेम चालेल तो पहिल्या कार्डावरच.