नोकरी सुटली, गोळीही सुटली

कॉलेजातल्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या बातम्या पंचेचाळिशीनंतर दोन प्रकारच्या येऊ लागतात. एक नोकरीची. कोणी व्हीआरएस घेतली, कोणाची कंपनी बंद पडली, कोणी शिक्षकाच्या नेमणुकीची वाट पाहून पाहून शेवटी रिक्षा घेतली, कोणी बँकेत मॅनेजर झाला. दुसरी आजाराची. अमक्याची ॲन्जिओप्लास्टी झाली, तमकीला डायलिसिस लागले, वर्गात मागच्या बाकावर बसून सगळ्यांना हसवणारा तो, त्याची एक बाजू लुळी पडली. या बातम्या आपण वेगवेगळ्या धरतो. माझे म्हणणे असे की पुष्कळदा ती एकच बातमी असते. पहिला भाग कळतो तेव्हा आपण अभिनंदन करतो किंवा हळहळतो आणि मोकळे होतो. दुसरा भाग दोन-तीन वर्षांनी कळतो, तेव्हा वर्गणी काढतो.

आज जे पंचेचाळीस ते पंचावन्न वयाचे आहेत ते साधारण १९९० ते २००० या काळात पदवीधर झाले. नागसेनवनातले मिलिंद असो, फोर्टातले सिद्धार्थ असो, दीक्षाभूमीवरचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय असो की तालुक्याचे साधे कॉलेज असो, त्या वर्गांत घरातला पहिला पदवीधर असलेली मुले-मुली भरपूर होती. निकालाच्या दिवशी पेढे एका घराने वाटले तरी आनंद अख्ख्या वस्तीचा होता. पण याच पिढीच्या वाट्याला कायम नोकऱ्या आटण्याचा आणि कंत्राटाचा काळ आला. ज्यांना कायम नोकरी लागली त्यांनाही मध्येच उठावे लागले. बीएसएनएलच्या २०१९च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत पन्नाशी गाठलेले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी, ३१ जानेवारी २०२० ला, घरी गेले. त्यात आपल्या ओळखीचे कोणी ना कोणी निघतेच.

कंपनी सुटलेला माणूस पहिल्यांदा काय सोडतो? स्नेहमेळावा. "काय रे, सध्या कुठं असतोस?" या प्रश्नाला त्याच्याकडे सांगण्याजोगे उत्तर नसते. "आहे, चाललंय," एवढेच तो म्हणतो. ज्याच्या पदवीचे पेढे वस्तीने खाल्ले त्याने आता एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, ही गोष्ट त्याला मित्रांपुढे सांगवत नाही. आपल्यालाही ती नीट ऐकवत नाही, हेही खरेच. "अरेरे, एवढा हुशार मुलगा!" असे आपण म्हणतो आणि त्याला आणखी लांब ढकलतो.

मेळाव्यानंतर तो जे सोडतो ते कोणाला दिसत नाही. घरखर्चाला कात्री लागली की मुलांची फी, भाडे, किराणा, वीजबिल यांतले काहीच टळत नाही. टळते ती बीपीची गोळी. आणि फसगत अशी की ती टाळली तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. आठवड्याने माणूस म्हणतो, "बघ, उगीचच खात होतो." रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तरी बहुतेकांना आतून काही जाणवत नाही. तो गुपचूप मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतो. डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली नसेल तर ती बंद करण्याजोगा कुठलाही पुरावा आपल्या अंगात सापडत नाही, तो मशीनवरच दिसतो.

दुसऱ्या नोकरीचेही आजाराशी नाते असते. पन्नाशीत मिळणारी कामे कोणती? सिक्युरिटीची बारा-बारा तासांची ड्युटी, भाड्याची गाडी, डिलिव्हरी, कुठल्यातरी गोदामात हिशेबनीस. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे आणि पत्र्याच्या खोलीत, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात, दुपारच्या उन्हात झोपायचे. ती झोप होत नाही. रात्री जाग राहावी म्हणून चहा-खारी, तंबाखू, गुटखा. अशा दिनक्रमात बीपी आणि साखर दोन्ही चढतात.

मधुमेह असलेल्याने यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी. त्याच्या गोळ्यांच्या वेळा जुन्या दिवसपाळीप्रमाणे ठरलेल्या असतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण तीन तास लांबले, तर साखर एकदम खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, माणूस भलतेच वागतो. येणारे-जाणारे म्हणतात, वॉचमन पिऊन बसलाय. खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि पाळी बदलली की डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून वेळा बदलून घ्याव्यात. "माझी नोकरी बदलली" हे दवाखान्यात सांगायचे वाक्य आहे, हेच कित्येकांच्या ध्यानात येत नाही.

मग संरक्षण. ज्याचा पगार मर्यादेत बसतो त्या कामगाराला ईएसआयचा, म्हणजे राज्य कामगार विम्याचा दवाखाना असतो. २०१७ साली ही मर्यादा महिना २१ हजार रुपये झाली. नोकरी सुटली म्हणजे कार्ड त्याच दिवशी मेले, असा सर्वांचा समज असतो. तसे नाही. वर्गणीच्या काळात पुरेसे दिवस भरले असतील तर त्यावर पुढचा लाभाचा काळ मिळतो. तेव्हा कार्ड फाडून टाकण्याआधी ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारावे. विमायोग्य नोकरीत किमान पाच वर्षे काढून वयाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी औषधोपचार चालू ठेवता येतात. हे किती जणांना ठाऊक आहे? उलट बाजूही आहे. पगार वाढून मर्यादेपलीकडे गेला की ईएसआयचे छत्र काही महिन्यांत जाते. म्हणजे बढतीचे पेढे खातानाही विचारायला हवे, "आता औषधाचे काय?" कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तो नोकरीबरोबर संपतो. त्यातून स्वतःच्या पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण राजीनाम्याची तारीख यायच्या आत एचआरकडे आणि विमा कंपनीकडे चौकशी केली तर.

आता वर्गणीबद्दल. बायपासला पैसे हवेत म्हटले की आपली बॅच दोन दिवसांत पैसा उभा करते. याचा मला अभिमान आहे. परंतु महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बायपास आणि ॲन्जिओप्लास्टी येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि पिवळे, केशरीच नव्हे तर पांढरे रेशनकार्डही चालते. अट एवढीच की रुग्णालय योजनेतले हवे. तिथे आरोग्यमित्राचे टेबल असते, आणि १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. रुग्णाला भलत्याच रुग्णालयात दाखल करून, मंगळसूत्र गहाण ठेवून, मग वर्गमित्रांना फोन, हा क्रम उलटा आहे. पहिला फोन "कुठे नेऊ?" असा यावा. तो येईल अशी सवय आधीपासून लागायला हवी. अर्थात ही योजना रोजच्या गोळीसाठी नाही. गोळीसाठी सरकारी दवाखानाच धरावा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत, आणि तिशीपुढच्यांची बीपी-साखर आरोग्यवर्धिनी केंद्रात फुकट मोजली जाते. तिथे रांग असते, गोळी कधी संपलेली असते, हे मी नाकारत नाही. पण गोळीच नसण्यापेक्षा ती रांग परवडली.

काही मित्र म्हणतात, जुने सवंगडी हसण्याखिदळण्यासाठी भेटतात, तिथे आजार कशाला काढता? त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. सगळ्यांसमोर कोणाचा रिपोर्ट वाचू नये, आणि कोणाची नोकरी गेली याची जाहीर चर्चा तर मुळीच करू नये. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका ताटात जेवलेल्या माणसाला एकट्याने फोन करून "गोळी चालू आहे ना? कुठून घेतोस?" असे विचारण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला आहे? घरच्यांना तो खोटे सांगतो. डॉक्टरकडे जात नाही. संध्याकाळी पिणे वाढले असेल, रात्र-रात्र झोप नसेल, "माझा काय उपयोग" अशी भाषा येत असेल, तर त्याला टेलिमानसचा १४४१६ क्रमांक द्यावा, आणि शक्य तर त्याच्या शेजारी बसून लावून द्यावा.

वर्गातल्या मुलींचे काय झाले, हे तर कोणी विचारतच नाही. बाई बी.ए. झाली, शाळेत पाच वर्षे शिकवले, सासूच्या आजारपणात नोकरी सोडली, मग शिलाई, मग डबे, आता अंगणवाडीत. हे चार व्यवसाय झाले, पण तिच्या बदलाला बातमी म्हणत नाहीत. याच वयात पाळी जाण्याचा काळ येतो. अंगावरून फार जाते, महिनोन्‌महिने रक्त कमी होत राहते, आणि "वयच आहे" म्हणून ती डबे भरत राहते. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहून नंतर थेंबभर जरी रक्त दिसले तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, ते वयाचे लक्षण नाही. हे तिला तिच्या मैत्रिणीने सांगितले तर ती ऐकते. नवऱ्याने सांगितले तर म्हणते, "बघू पुढच्या महिन्यात."

आमच्याकडे यंदाचा मेळावा विहाराच्या सभागृहात घ्यायचे चालले आहे, आणि कोपऱ्यात पडदा लावून बीपीचे मशीन ठेवावे असा माझा आग्रह आहे. आकडा ज्याचा त्याला चिठ्ठीवर लिहून द्यायचा, वहीत नाव नाही. आल्याबरोबर मोजू नये, पाच मिनिटे शांत बसवावे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. वर्गणी डोईमागे ठरली आहे, पण ज्याला जमत नाही त्याच्याकडून मागायची नाही आणि दिली की नाही हे खजिनदाराशिवाय कोणाला कळू द्यायचे नाही, एवढे एकमताने झाले. मशीनच्या ठरावावर अजून दोघे अडून बसले आहेत.