विश्लेषण : कागदपत्रे ऑनलाइन, तरी कंटेनर बंदरातच का?

पिंपरी-चिंचवडमधील एखादा लघुउद्योजक चीनहून यंत्राचे सुटे भाग मागवतो. कंटेनर न्हावा शेवा बंदरात उतरतो, सगळी कागदपत्रे ऑनलाइन भरलेली असतात, तरीही माल कारखान्यात पोहोचत नाही. असे का होते?

प्रक्रिया कशी चालते?

आयातदार किंवा त्याचा सीएचए ‘आइसगेट’ या सीमाशुल्क पोर्टलवर ‘बिल ऑफ एंट्री’ भरतो. त्यात मालाचे वर्णन, किंमत, मूळ देश आणि आठ अंकी एचएसएन कोड असतो. जोखीम तपासणारी संगणक प्रणाली ही माहिती चाळते. शंका नसेल तर शुल्क भरून माल सुटतो. शंका आल्यास अधिकारी कागदपत्रे पाहतो किंवा कंटेनर उघडला जातो. ऑक्टोबर २०२० अखेरपासून ही छाननी देशभर ‘फेसलेस’ झाली. त्यामुळे न्हावा शेव्यातील मालाची कागदपत्रे दुसऱ्याच शहरातील अधिकारी तपासू शकतो.

घोडे कुठे अडते?

बऱ्याचदा वर्णनात. नुसते ‘मशीन पार्ट’ लिहिले की अधिकारी कॅटलॉग मागतो. उत्तराला उशीर झाला की दिवस वाया जातो. खाद्यपदार्थ, बियाणे, औषधे यांना अन्य विभागांचीही मंजुरी लागते. २०१६ पासून एक खिडकी योजनेत अर्ज एकच झाला. पण प्रयोगशाळेत नमुना तपासायला लागणारा वेळ सॉफ्टवेअर कमी करू शकत नाही.

भुर्दंड कुणाला?

आयातदाराला. २०११ पासून शुल्काची आकारणी त्याने स्वतः करायची असते. सीएचए चुकला म्हणून आयातदाराची सुटका होत नाही. २०२१च्या दुरुस्तीनुसार साधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल भरावे लागते. उशिराला पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये आकारले जातात. बंदराचे आणि कंटेनरचे वाढीव भाडे वेगळेच.

पोर्टलच बंद पडले तर?

उशिराला सबळ कारण असेल तर सरकारी विलंब आकार टळू शकतो. जहाज कंपनीचे कंटेनर भाडे मात्र करारानुसार चालूच राहते. मोठी कंपनी हा खर्च पचवते. लहान उद्योजकाचा त्या मालावरचा नफाच त्यात जातो. ऑनलाइन व्यवस्था सक्तीची केल्यावर ती बंद पडण्याची जबाबदारीही सरकारने घ्यायला हवी. पोर्टल जितके तास ठप्प, तितके तास बंदराचे आणि कंटेनरचे भाडेही थांबेल, असा स्पष्ट नियम हवा.

आयातदाराने काय करावे?

जहाज निघताच बिल भरावे, कॅटलॉग सोबत जोडावा आणि पोर्टलवरील शंकांवर रोज नजर ठेवावी. एचएसएन कोडबाबत संभ्रम असल्यास मुंबई किंवा दिल्लीच्या सीमाशुल्क प्राधिकरणाकडून आगाऊ निर्णय घेता येतो. मात्र तो अर्ज माल मागवण्यापूर्वीच केलेला बरा.